बायसल्फेट लिटमस लाल करतो, मग बायकार्बोनेट का नाही? आयनांचा सामू दर वेळी चुकत असेल तर

प्रश्न नेहमी साधारण याच शब्दांत येतो. “सोडियम बायसल्फेट आणि सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही आयनांत एक हायड्रोजन, दोन्हींवर एकच ऋण प्रभार, दोन्हींच्या नावात ‘बाय’. मग एकाच्या ०.१ मोलर द्रावणाचा सामू १.६ आणि दुसऱ्याचा ८.३ कसा?” मी उत्तर देतो, समोरचा मान डोलावतो, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस डायहायड्रोजन फॉस्फेट घेऊन परत येतो.

पुन्हा पुन्हा येणारी चूक ही सहसा लक्ष नसल्याची चूक नसते. बहुतेकांनी यादी पाठ केलेली असते: हे आयन आम्लधर्मी, हे आम्लारिधर्मी, हे उदासीन. यादीतला आयन आला की गाडी धावते, बाहेरचा आला की रुतते. खरी अडचण अशी की आपण आयनाचं सूत्र वाचतो आणि त्याची रचना पाहिली असं समजतो. सूत्र म्हणजे हजेरीपट आहे. कोण कोण हजर आहे ते त्यात कळतं, कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते कळत नाही. सामू मात्र शेजारावर ठरतो.

पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासत जा. बऱ्याच जणांचा घोळ हायड्रोजनपाशी सुटतो, काहींना शेवटपर्यंत यावं लागेल.

प्रयोग करत असाल तर आधी पाणी तपासा

कागदावरचं गणित सोडवणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा.

सोडियम नायट्रेटचं द्रावण उदासीन असायला हवं. मी एकदा ते तयार केलं, मीटर बुडवला, आकडा आला ५.८. मीटर पुन्हा प्रमाणित केला, मीठ बदललं, बीकर तीनदा धुतला. अख्खी दुपार गेली. दोष डिस्टिल्ड वॉटरचा होता. उघड्या हवेत राहिलेलं शुद्ध पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याचा सामू ५.६ च्या आसपास उतरतो. पाणी उकळून, झाकण ठेवून थंड केलं आणि त्यात तेच मीठ विरघळवलं, तर आकडा ७ कडे सरकला.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. नायट्रेट आयन पाण्यात प्रोटॉन घेत नाही आणि त्याच्याकडे द्यायला प्रोटॉनही नाही. त्यामुळे पाण्यात आधीपासून असलेल्या चिमूटभर आम्लाला तो अडवू शकत नाही. पाण्याचा सामू तोच द्रावणाचा सामू. त्याच शिळ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट विरघळवा, सामू ११.६ च्या घरात येईल, पाण्यातल्या आम्लाचा मागमूसही दिसणार नाही. तेव्हा उदासीन आयनाचा सामू ‘चुकतो’ तेव्हा संशय आधी पाण्यावर घ्या.

इलेक्ट्रॉन मोजताना चिन्ह उलटं लागतंय का?

ऋण प्रभार म्हणजे उणे, उणे म्हणजे वजा, म्हणून इलेक्ट्रॉन वजा करायचे: ही चूक इतकी स्वाभाविक आहे की ती करणाऱ्यावर रागावता येत नाही. पण इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण आहे. ऋण प्रभार म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त आलेत. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे ५, तीन ऑक्सिजनचे १८ आणि प्रभाराचा १, असे २४ संयुजा इलेक्ट्रॉन (बाहेरच्या कक्षेतले, बंधात भाग घेणारे). अमोनियममध्ये नायट्रोजनचे ५, चार हायड्रोजनचे ४, आणि धन प्रभारासाठी एक वजा: ८.

अमोनियमचे हे आठही इलेक्ट्रॉन चार बंधांत खर्च होतात, एकही एकाकी जोडी (बंधात न अडकलेली) उरत नाही. अमोनिया प्रोटॉन घेऊ शकतो कारण त्याच्याकडे एक मोकळी जोडी आहे. अमोनियमने ती वापरून टाकली, म्हणून तो फक्त देऊ शकतो. ‘अमोनिया आम्लारी आहे म्हणजे अमोनियमही आम्लारीच’ असं म्हणणाऱ्याला मी इतकंच सांगतो की इलेक्ट्रॉनांचे आठ ठिपके काढ आणि नवा प्रोटॉन कुठे चिकटवशील ते दाखव.

नायट्रेट काढताना दुसरी चूक होते. नायट्रोजनला दोन दुहेरी बंध देऊन त्याच्याभोवती दहा इलेक्ट्रॉन बसवले जातात. नायट्रोजन आठांच्या वर जात नाही. एक दुहेरी, दोन एकेरी, आणि तो दुहेरी बंध तिन्ही ऑक्सिजनांत वाटलेला. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही: प्रत्यक्ष मोजलं तर तिन्ही बंधांची लांबी सारखीच, सुमारे १२४ पिकोमीटर भरते, आणि कोन बरोबर १२०° चे. बंध असा वाटला जाण्याला संस्पंदन म्हणतात; त्यात बंध इकडून तिकडे उड्या मारतात असं नव्हे. तीन आकृत्या आपण काढतो त्या आपल्या सोयीसाठी, आयन एकच असतो.

हायड्रोजन नक्की कोणावर बसलाय?

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. सूत्रात हायड्रोजन सुरुवातीला लिहायची रीत आहे. त्यामुळे बायकार्बोनेटमध्ये तो कार्बनला चिकटून असल्यासारखा दिसतो, बायसल्फेटमध्ये सल्फरला. दोन्ही ठिकाणी तो प्रत्यक्षात ऑक्सिजनवर आहे. आणि तो ऑक्सिजनवर आहे म्हणूनच सुटू शकतो. ऑक्सिजन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, हायड्रोजन उघडा पडतो, पाण्याचा रेणू त्याला उचलून नेतो.

हे कळलं की लोक उलट टोकाला जातात: सगळे हायड्रोजन ऑक्सिजनवरच असणार. इथे फॉस्फरस फसवतो.

फॉस्फोरिक आणि फॉस्फरस ही दोन आम्लं शेजारी ठेवा. दोन्हींत हायड्रोजन तीन. फॉस्फोरिकमध्ये ऑक्सिजन चार, फॉस्फरस आम्लात तीन. सूत्रावरून वाटतं की दोन्ही तीन-तीन प्रोटॉन देतील. फॉस्फोरिक तीन देतं: पीकेए (प्रोटॉन किती घट्ट धरलाय ते सांगणारा आकडा, खुलासा पुढे येतोय) २.१५, ७.२० आणि १२.३५. फॉस्फरस आम्ल दोन देऊन थांबतं, तिसऱ्यासाठी कितीही अल्कली ओता. तिसरा हायड्रोजन थेट फॉस्फरसवर बसलेला आहे. फॉस्फरस आणि हायड्रोजन यांची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) जवळजवळ सारखी, त्यामुळे त्या बंधात ओढाताण नाही आणि तिथला हायड्रोजन पाण्यात प्रोटॉन म्हणून निघत नाही.

हायपोफॉस्फरस आम्ल त्याही पुढे गेलंय: तीन हायड्रोजन, त्यातले दोन फॉस्फरसवर, म्हणून प्रोटॉन देणार फक्त एक. असिटेटमध्येही तीन हायड्रोजन आहेत, तिन्ही कार्बनवर. त्यांचा द्रावणाच्या सामूशी संबंध नाही. असिटेटच्या सूत्रात हायड्रोजन बघून त्याला आम्ल ठरवणारे मी पाहिलेत. मला ती चूक ‘बाय’च्या चुकीची सख्खी बहीण वाटते.

याचा परिणाम वहीत कसा दिसतो ते सांगतो. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम फॉस्फाइट (फॉस्फरस आम्लाचा क्षार), दोन्हींच्या आयनांवर दोन ऋण प्रभार, दोन्हींत एक हायड्रोजन उरलेला. विद्यार्थी दोन्हींना ‘आम्ल क्षार’ म्हणतो. पहिल्याच्या बाबतीत ते बरोबर, तिथला हायड्रोजन ऑक्सिजनवर आहे आणि सोडियम हायड्रॉक्साइड तो काढून घेऊ शकतो. दुसऱ्यात काढण्यासारखं काहीच उरलेलं नाही. फॉस्फाइट हा पूर्ण सोललेला आयन आहे. गंमत म्हणजे दोन्ही द्रावणांचा सामू ९.८ च्या आसपासच येतो, त्यामुळे नुसत्या सामूवरून हा घोळ पकडला जात नाही. अनुमापनाचं (मोजून अल्कली घालत आम्ल किती ते काढण्याचं) गणित आलं की मात्र आकडे जुळायचं नाव घेत नाहीत.

ऋण प्रभार आहे म्हणून आम्लारी? थांबा

हायड्रोजन कुठे आहे ते समजलं. आता तो तिथे किती घट्ट आहे हे बघायचं. त्यासाठी पीकेए. ज्यांना तो शब्द नुसता आकडा वाटतो त्यांच्यासाठी: सामू आणि पीकेए सारखे झाले की निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात आणि निम्मे जागेवर. पीकेए जितका लहान तितकी पकड सैल. आणि पकड जितकी सैल, तितका मागे राहणारा आयन आम्लारी म्हणून दुबळा.

इथे एक जोडी जवळून बघण्यासारखी आहे. कार्बोनेट आणि नायट्रेट. दोन्हींत संयुजा इलेक्ट्रॉन २४. दोन्ही सपाट त्रिकोण, मधला अणू आणि तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजन. ठिपक्यांच्या आकृतीत हिशेब केला तर दोन्हींत प्रत्येक ऑक्सिजनच्या वाट्याला सारखाच, दोन तृतीयांश ऋण प्रभार येतो. असं असूनही कार्बोनेटचं द्रावण हाताला बुळबुळीत लागावं इतकं आम्लारिधर्मी, आणि नायट्रेट थंड गोळा.

फरक मध्यभागी आहे. नायट्रोजनच्या केंद्रकात कार्बनपेक्षा एक प्रोटॉन जास्त. आकृतीत नायट्रोजनवर एक धन प्रभार येतो, कार्बनवर शून्य. तो धन प्रभार तिन्ही ऑक्सिजनांच्या इलेक्ट्रॉनांना आत ओढून धरतो, बाहेरून आलेल्या प्रोटॉनला द्यायला कोणी मोकळं नसतं. नायट्रिक आम्लाचा पीकेए उणे १.४ आणि बायकार्बोनेटचा १०.३३ आहे. म्हणजे जवळजवळ बारा घरांचं अंतर, आणि दर घराला दहापट. “प्रभार पसरला की आम्लारीपणा घटतो” हे वाक्य खरं आहे, पण एवढ्यावर थांबलात तर ही जोडी तुम्हाला उत्तर देऊ देणार नाही.

मग कागदावर झटपट अंदाज कसा करायचा? रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगचा एक ठोकताळा आहे. यादीऐवजी तो एक लक्षात ठेवा. ऑक्सिजनवाल्या आम्लाची रचना काढा. ज्या ऑक्सिजनांवर हायड्रोजन नाही असे किती ते मोजा. त्याला पाचाने गुणा, आठातून वजा करा. पहिल्या पीकेएचा अंदाज आला. त्याच आम्लाचा पुढचा प्रत्येक प्रोटॉन आणखी पाचाने महाग.

क्लोरीनच्या घराण्यावर करून पाहा. हायपोक्लोरस आम्लात असा ऑक्सिजन एकही नाही: अंदाज ८, मोजलेला ७.५. क्लोरसमध्ये एक: अंदाज ३, मोजलेला २ च्या जवळ. क्लोरिकमध्ये दोन: अंदाज उणे २, मोजलेला उणे १ च्या आसपास. परक्लोरिकमध्ये तीन, ते तर तीव्र आम्लांतलं तीव्र. म्हणून हायपोक्लोराइटचं ०.१ मोलर द्रावण १०.३ सामू दाखवतं आणि परक्लोरेटचं काहीच दाखवत नाही, जरी दोन्हींवर प्रभार एकच असला तरी. नायट्राइट आणि नायट्रेटचंही तेच. नायट्रस आम्लाचा अंदाज ३, मोजलेला ३.३, सोडियम नायट्राइटचा सामू आठाच्या थोडा वर.

मोजताना दुहेरी बंध मोजू नका, हायड्रोजन नसलेले ऑक्सिजन मोजा. सल्फेटमध्ये दोन दुहेरी बंध दाखवायचे की चारही एकेरी आणि सल्फरवर धन प्रभार, यावर हौशी लोक तासन् तास वाद घालतात. सामूच्या कामाला त्या वादाची गरज नाही. चारही बंध १४९ पिकोमीटरचे आहेत, आणि सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजन नसलेले ऑक्सिजन दोन, दोन्ही पद्धतींत दोनच.

आता फॉस्फरस आम्लाकडे परत जा. सूत्र वाचून तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनवर ठेवले तर हायड्रोजन नसलेला ऑक्सिजन शून्य, अंदाज ८. मोजलेला पहिला पीकेए दीडच्या आसपास. इतकी मोठी तफावत आली की समजायचं आकृती चुकली. एक हायड्रोजन फॉस्फरसवर हलवा, एक ऑक्सिजन मोकळा झाला, अंदाज ३, तफावत आटोक्यात. ठोकताळ्याचा मला सर्वांत जास्त उपयोग इथे होतो: तो चुकला की रचना परत तपासतो.

कार्बनिक आम्लात तो चुकतो आणि रचना मात्र बरोबर असते. मोकळा ऑक्सिजन एक, अंदाज ३, पुस्तकात ६.३५. कारण वेगळंच आहे. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी बहुतेक रेणू आम्ल बनतच नाहीत, नुसते विरघळून राहतात. साधारण सहाशेत एखादा खरा कार्बनिक आम्ल होतो. पुस्तकातला ६.३५ हा सगळ्यांना मिळून काढलेला आकडा. फक्त खऱ्या आम्लाचा हिशेब केला तर पीकेए ३.६ येतो, म्हणजे ठोकताळा काही खोटा पडला नव्हता.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही इथेच पडलंय. बायसल्फेटचा पीकेए १.९९. बायकार्बोनेटचा १०.३३. दोघांकडे प्रोटॉन आहे, एक तो खिशाच्या वर ठेवतो, दुसरा तिजोरीत.

मधल्या आयनांना दोन आकडे लागतात

राहिलेलं अर्धं. बायकार्बोनेट प्रोटॉन देऊ शकतो तसा घेऊही शकतो. असे दुतोंडी आयन आले की एकच पीकेए बघून निकाल देऊ नका. वरचा (आयन स्वतः प्रोटॉन देतो त्याचा) आणि खालचा (प्रोटॉन घेऊन जे आम्ल बनतं त्याचा) दोन्ही घ्या आणि सरासरी काढा. सामू जवळपास तोच, द्रावण फार विरल नसेल तर.

बायकार्बोनेट: ६.३५ आणि १०.३३, सरासरी ८.३. डायहायड्रोजन फॉस्फेट: २.१५ आणि ७.२०, सरासरी ४.७, आम्लधर्मी. मोनोहायड्रोजन फॉस्फेट: ७.२० आणि १२.३५, सरासरी ९.८, आम्लारिधर्मी. एकाच फॉस्फरसची दोन मुलं, हायड्रोजन दोन्हींत, सामू सातच्या दोन बाजूंना. बायसल्फाइट: १.८ आणि ७.२, म्हणजे साडेचार.

मग बायसल्फेटलाही हेच लावायचं? इथे बरेच जण दुसऱ्यांदा पडतात. सल्फ्युरिक आम्लाचा पहिला पीकेए उणे ३ च्या आसपास धरला तर सरासरी शून्याच्या खाली जाते, आणि विद्यार्थी निमूटपणे ऋण सामू लिहून मोकळा होतो. ०.१ मोलर द्रावणातले सगळेच्या सगळे प्रोटॉन सुटले तरी सामू १ च्या खाली जाऊ शकत नाही, एवढं तरी मनाशी ताडून बघावं. सरासरी तेव्हाच चालते जेव्हा आयन खरोखर दोन्ही तोंडांनी जेवतो. बायसल्फेट पाण्यात प्रोटॉन घेतच नाही. त्याला साधं एकतोंडी आम्ल धरा.

तिथेही एक बारीक खड्डा आहे. आम्ल फारसं सौम्य नाही, म्हणून ‘सुटलेला भाग नगण्य’ हे गृहीतक चालत नाही. वर्गमुळाचा शॉर्टकट १.५० देतो; पूर्ण वर्गसमीकरण सोडवलं तर सुटलेले प्रोटॉन ०.०२७ मोलर आणि सामू १.५६. पावपेक्षाही जास्त रेणू सुटलेत, त्याला नगण्य कसं म्हणणार?

बायकार्बोनेटवर प्रयोग करणाऱ्यांना एक इशारा. ताज्या, थंड द्रावणात फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं दर्शक टाकलं तर रंग जेमतेम येतो, कारण त्याचा रंग ८.२ च्या पुढे धरायला लागतो. वरच्या पाण्याच्या प्रकरणाने शहाणा होऊन मी पाणी उकळलं होतं, आणि घाईत थंड न होऊ देताच सोडा त्यात टाकला. द्रावण गुलाबी झालं, चांगलं गडद. गरम पाण्यात दोन बायकार्बोनेट मिळून एक कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड होतात. वायू उडून जातो, कार्बोनेट मागे राहतो. बीकरच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसत होते, मी ते उकळत्या पाण्याचे समजलो. आता पाणी उकळतो, झाकून थंड करतो, मगच सोडा.

दोष ऋण आयनावर येतो, करणारा धन आयन असतो

ॲल्युमिनियम सल्फेटचं द्रावण आम्लधर्मी निघतं आणि बिचाऱ्या सल्फेटला बोलणी बसतात. सल्फेटने काही केलेलं नाही. ॲल्युमिनियमभोवती पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात आणि तीन धन प्रभारांच्या ओढीने त्यांतला एखादा आपला प्रोटॉन सोडतो. पीकेए ५ च्या आसपास. फेरिक आयनाचा तर सव्वादोन. सोडियम आणि पोटॅशियम असं काही करत नाहीत, म्हणून ऋण आयनाची परीक्षा घ्यायची तर त्याचा सोडियमचा क्षार घ्या.

अमोनियमचे क्षार असतील तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात. अमोनियमचा पीकेए ९.२५. क्लोराइडसोबत ०.१ मोलरला सामू ५.१. असिटेटसोबत अगदी ७.०, कारण असिटिक आम्लाचा ४.७६ आणि हा ९.२५ यांची सरासरी तिथेच पडते. ‘उदासीन’ म्हणजे दोघेही निष्क्रिय असं नव्हे, इथे दोघेही काम करतायत आणि बरोबरीत सुटतायत.

प्रोटॉनच्या देवघेवीत न बसणारे

काही आयन या चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला की हाती काही लागत नाही. बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन देत नाही, पाण्याकडून हायड्रॉक्साइड घेतं आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा होतो. बोरॉनच्या भोवती सहाच इलेक्ट्रॉन आहेत, जागा रिकामी आहे. पिवळ्या क्रोमेटमध्ये आम्ल टाकलं की तो नारिंगी होतो, कारण प्रोटॉन घेतलेले दोन आयन पाण्याचा एक रेणू टाकून एकमेकांना जोडले जातात: दोन चतुष्फलक, एक सामाईक कोपरा. थायोसल्फेट तर आम्लात तुटतोच, गंधकाने द्रावण गढूळ होतं आणि सल्फर डायऑक्साइडचा झणका येतो.

हे करून बघण्याआधी: क्रोमेटमधला सहा संयुजेचा क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि हायपोक्लोराइटमध्ये आम्ल कधीच टाकू नका, क्लोरीन सुटतो.

उत्तर बरोबर आहे का ते कसं ताडायचं

सल्फेटच्या परीक्षेत बेरियम क्लोराइडच्या आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल का टाकतात, हे स्वतःला विचारा. बेरियम कार्बोनेटही पांढरा, सल्फाइटही पांढरा, सल्फेटही पांढरा. कार्बोनेट आणि सल्फाइट प्रोटॉन हपापून घेतात, फसफसून किंवा वास सोडून विरघळतात. सल्फेटला प्रोटॉनची फारशी ओढ नाही, तो आम्लात तसाच पांढरा बसून राहतो. परीक्षानळीतला हा फरक आणि कागदावरचा पीकेए एकच गोष्ट सांगतायत. एक सांगतोय आणि दुसरा नाही, असं झालं तर कुठेतरी आकृती चुकली आहे.

शेवटी यादीत नसलेला एक आयन घ्या. सल्फरच्या खाली सेलेनियम, त्याच्या खाली टेल्युरियम. सेलेनिक आम्ल सल्फ्युरिकसारखंच, हायड्रोजन सेलेनेटचा पीकेए दोनच्या जरा खाली. मग टेल्युरिकही तसंच असणार, असं स्तंभ बघून कोणीही म्हणेल. पण टेल्युरियम मोठा अणू आहे, चार ऑक्सिजनांवर त्याचं भागत नाही. पाण्यात तो सहा ऑक्सिजन भोवती बसवतो आणि सहाही ऑक्सिजनांवर हायड्रोजन. मोकळा ऑक्सिजन एकही नाही. ठोकताळा म्हणतो ८. मोजलेला पहिला पीकेए ७.७.